रेंज नसलेल्या गावी मोबाईलवरील नोंदींचा मेळ कसा घालावा?

गावात गुरांना लाळ-खुरकूत रोगाची लस टोचण्याची मोहीम आली, की लशीइतकेच महत्त्व तिच्या नोंदीलाही असते. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली ही लस ठराविक काळाने पुन्हा पुन्हा द्यावयाची असते. जनावराची ओळख पटावी म्हणून त्याच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला बसविला जातो. कोणत्या क्रमांकाच्या जनावरास कोणत्या दिवशी लस दिली हे लिहून ठेवले नाही, तर कोणते जनावर सुटले हे पुढे कळण्याचा मार्ग उरत नाही; आणि सुटलेले जनावर म्हणजे रोगासाठी उघडे राहिलेले दार होय.

अशा नोंदी आता मोबाईलवर होऊ लागल्या आहेत. परंतु ज्या ॲपला प्रत्येक नोंदीच्या वेळी इंटरनेट लागते, ते डोंगरातील पाड्यावर निरुपयोगी ठरते. मग कर्मचारी दिवसभर कागदावर क्रमांक लिहितो आणि रात्री रेंजमध्ये येऊन ते पुन्हा मोबाईलवर उतरवितो. बारा अंकांपैकी एक अंक चुकला तरी एका शेतकऱ्याच्या म्हशीची लस दुसऱ्याच्या गाईच्या नावे चढते. ही अडचण दूर करणारी एक पद्धत उपलब्ध आहे. तिचे स्वरूप ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना आणि शेतकऱ्यांना समजावे, तसेच असे ॲप तयार करविताना कोणती काळजी घ्यावी हे ध्यानात यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोंद प्रथम फोनमध्ये

ह्या पद्धतीत माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, दूरच्या सर्व्हरवर असतो तसाच प्रत्येक फोनमध्येही असतो. कर्मचारी नोंद करतो ती प्रथम स्वतःच्या फोनमध्येच कायम होते. रेंज असो वा नसो, काम अडत नाही. पुढे दोन फोन जवळ आले, की ब्लूटूथ अथवा वाय-फायच्या साहाय्याने ते आपापल्या नोंदींची देवघेव करतात. ह्या देवघेवीस ‘मेळ घालणे’ असे म्हणता येईल. येथे एक मालक व दुसरा चाकर असा भेद नसतो. दोन्ही फोन बरोबरीचे असतात. म्हणूनच तंत्रज्ञ ह्या प्रकारास ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात. पहिल्या फोनने दुसऱ्याला दिलेल्या नोंदी दुसरा फोन तालुक्याच्या गावी नेऊन सर्व्हरला देऊ शकतो. टपाल्याने एका गावची पत्रे दुसऱ्या गावी पोहोचवावीत, तसाच हा प्रकार आहे.

ही कल्पना प्रयोगावस्थेतील नाही. डेमियन कॅट्झ ह्यांनी २००५ साली ‘काऊचडीबी’ नावाच्या डेटाबेसचे काम सुरू केले. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींनी स्वतंत्रपणे काम करावे आणि भेट होताच मेळ घालावा, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याच रीतीने चालणारा ‘पाऊचडीबी’ हा डेटाबेस फोनमधील ब्राउझरमध्ये बसतो. केनिया, युगांडा, नेपाळ इत्यादी देशांतील आरोग्य कार्यकर्त्यांसाठी असलेले ‘कम्युनिटी हेल्थ टूलकिट’ ह्याच दोहोंच्या आधारावर उभे आहे. तेथे मुख्यतः फोन व सर्व्हर ह्यांच्यात मेळ घातला जातो. फोन-फोनांत प्रत्यक्ष मेळ घालणारे ‘काऊचबेस लाइट’, ‘डिट्टो’ ह्यांसारखे डेटाबेसही उपलब्ध आहेत.

दस्तऐवज म्हणजे काय?

कार्यालयातील रजिस्टरात रकाने आखलेले असतात आणि प्रत्येक नोंद त्यांतच बसवावी लागते. दस्तऐवजी डेटाबेसात त्याऐवजी प्रत्येक नोंद ही एक स्वतंत्र चिठ्ठी असते. एका जनावराच्या चिठ्ठीवर बिल्ल्याचा क्रमांक, जात, वय आणि मालकाचे नाव असेल. दुसऱ्या जनावराच्या चिठ्ठीवर त्याखेरीज वेताची माहितीही असेल. चिठ्ठी आपल्यापुरती पूर्ण असल्यामुळे ती एका फोनातून दुसऱ्यात सुटी पाठविता येते.

प्रत्येक चिठ्ठीला दोन खुणा असतात. पहिली खूण ओळखीची असून ती कधीही बदलत नाही. जनावराच्या चिठ्ठीसाठी बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक ही उत्तम ओळख होय. दुसरी खूण दुरुस्तीची असते. चिठ्ठीत बदल केला की दुरुस्ती क्रमांक एकने वाढतो आणि कोणत्या मजकुरावरून नवा मजकूर झाला ह्याचा माग राहतो.

मेळ कसा बसतो?

दोन फोन भेटले म्हणजे ते आपला सर्व साठा एकमेकांस पाठवीत नाहीत. प्रत्येक फोन आपल्याकडील बदलांची क्रमवार यादी ठेवतो. “मागील भेटीनंतर काय बदलले?” असे एक फोन जणू विचारतो आणि दुसरा त्यानंतरच्या चिठ्ठ्यांच्या खुणांची यादी देतो. पहिला फोन आपल्याकडे नसलेल्या तेवढ्याच चिठ्ठ्या मागून घेतो आणि कोठवर काम झाले ह्याची खूण ठेवतो. मध्येच संपर्क तुटला, तर पुढील भेटीत त्या खुणेपासून काम चालू होते. एकच चिठ्ठी दोनदा आली तरी तिच्या दोन नोंदी होत नाहीत, कारण तिची ओळख व दुरुस्तीची खूण तीच असते.

दोघांनी एकच चिठ्ठी बदलल्यास

खरा प्रश्न पुढेच आहे. उदाहरणादाखल असे समजावे की, दोन कर्मचारी दोन पाड्यांवर गेले आहेत आणि दोघांच्या फोनात एका म्हशीची एकच चिठ्ठी आहे. म्हैस विकली गेल्यामुळे पहिल्याने मालकाचे नाव बदलले. ती व्याल्याचे समजल्यावरून दुसऱ्याने वेताची माहिती भरली. दोन्ही बदल खरे आहेत. परंतु एकास दुसऱ्याची वार्ता नाही.

अशा वेळी काऊचडीबी दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवतो व त्यांपैकी एक पुढे दाखवितो. जिच्या दुरुस्त्यांची साखळी लांब ती पुढे येते. साखळ्या समान असतील तर दुरुस्तीच्या खुणांची तुलना करून एक निवडली जाते. नियम सर्वत्र एकच असल्यामुळे प्रत्येक फोन, इतरांस न विचारता, तीच चिठ्ठी निवडतो. परंतु पुढे आलेली चिठ्ठी खरी आणि मागे राहिलेली खोटी असा ह्याचा अर्थ नव्हे. मागे राहिलेली चिठ्ठी शोधून दोहोंतील माहिती एकत्र करणे हे ॲप तयार करणाऱ्याचे काम आहे. ते त्याने केले नाही, तर म्हशीचा नवा मालक किंवा तिचे वेत ह्यांपैकी एक गोष्ट पडद्यावरून नाहीशी होईल आणि कोणाच्या ते ध्यानातही येणार नाही.

काही ॲपांत ज्या नोंदीची वेळ नंतरची ती ग्राह्य धरली जाते. हा नियम सोपा दिसतो. पण फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते. ज्या फोनची तारीख एक दिवस पुढे आहे, त्याची जुनी नोंदही इतरांच्या ताज्या नोंदींवर मात करील. वेगवेगळ्या यंत्रांवरील घटनांचा क्रम घड्याळावर विसंबून न राहता कसा लावावा, ह्याचे विवेचन लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी १९७८ सालीच केले होते. दुरुस्तीचा माग ठेवण्याची उपयुक्तता ह्यावरून ध्यानात येईल.

शिल्लक लिहू नये, व्यवहार लिहावा

लशीच्या मात्रांचा हिशेब हे ह्याहून बोधप्रद उदाहरण आहे. सकाळी साठ्यात १०० मात्रा होत्या व दोन्ही फोनांत तीच शिल्लक होती. पहिल्या कर्मचाऱ्याने ३० मात्रा नेऊन वापरल्या आणि शिल्लक ७० लिहिली. दुसऱ्याने २० मात्रा नेऊन वापरल्या आणि शिल्लक ८० लिहिली. सायंकाळी मेळ घातला असता ७० व ८० ह्यांपैकी एक आकडा पुढे येईल. प्रत्यक्षात साठ्यात ५० मात्रा आहेत! दोघांपैकी कोणीही चूक केलेली नसताना हिशेब मात्र चुकला.

यास्तव चिठ्ठीत शिल्लक लिहूच नये. “३० मात्रा वापरल्या” ही एक चिठ्ठी आणि “२० मात्रा वापरल्या” ही दुसरी चिठ्ठी असावी. मेळ घातल्यानंतर दोन्ही चिठ्ठ्या दोन्ही फोनांत येतात आणि शिल्लक वजाबाकीने काढता येते. दूध संकलन, बियाणे वाटप, बचत गटाची वर्गणी ह्या सर्वांस हाच नियम लागू पडतो. किराणा दुकानदार रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार लिहितो आणि शिल्लक मागाहून काढतो, त्यातील शहाणपण हेच होय. ज्यांचा मेळ आपोआप बिनचूक बसेल अशा नोंदींच्या रचनांचे शास्त्र मार्क शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले. काही आधुनिक डेटाबेसांत असे गणक तयारच मिळतात.

ॲप तयार करविताना घ्यावयाची काळजी

१. चिठ्ठ्या लहान ठेवाव्यात. जनावराची माहिती एका चिठ्ठीत आणि प्रत्येक लसीकरण वेगळ्या चिठ्ठीत असावे. लसीकरणाची चिठ्ठी एकदा लिहिल्यावर बदलू नये. चूक झाल्यास दुरुस्तीची नवी चिठ्ठी जोडावी. अशाने दोन नोंदींत तंटा होण्याचा प्रसंगच विरळा होतो.

२. एकाच फेरीत एकाच बिल्ल्याच्या दोन लसीकरण चिठ्ठ्या आल्यास ॲपने त्या गुपचूप एक करू नयेत. जनावरास खरोखरच दोनदा लस दिली गेली किंवा बिल्ल्याचा क्रमांक चुकला, ह्यांपैकी काहीतरी घडलेले असते. तो निर्णय माणसानेच घ्यावा.

३. पावत्यांचे क्रमांक सर्व फोनांत एकाच मालिकेतून देऊ नयेत. परस्परांशी संपर्क नसलेले दोन फोन एकच क्रमांक देतील. प्रत्येक फोनला स्वतंत्र मालिका द्यावी. जसे, एका फोनला ‘क-१, क-२’ व दुसऱ्यास ‘ख-१, ख-२’.

४. चिठ्ठी पुसून टाकल्यास तिच्या जागी ‘पुसली’ अशी खूण राहावी. ती नसेल, तर दुसऱ्या फोनातील जुनी प्रत मेळाच्या वेळी पुन्हा परत येईल.

५. ॲपची नवी आवृत्ती सर्व फोनांवर एकाच दिवशी पोहोचत नाही. म्हणून जुन्या रकान्याचे नाव बदलू नये. नवीन रकाना जोडावा.

६. छायाचित्रे जड असतात. त्यांचा मेळ वाय-फायवर स्वतंत्रपणे घालावा. ब्लूटूथवरून आधी मजकूर जाऊ द्यावा.

७. ओळख पटल्याखेरीज कोणत्याही फोनाशी मेळ घालू नये. साठा कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असावा. शेतकऱ्याची जी माहिती कामास आवश्यक नाही ती गोळाच करू नये, कारण ह्या पद्धतीत ती अनेक खिशांतून फिरत असते.

वापरापूर्वीची चाचणी

ॲप हाती आल्यावर मोहिमेपूर्वी त्याची पुढीलप्रमाणे परीक्षा घ्यावी. तीन फोन घ्यावेत आणि तिन्ही विमान मोडवर ठेवावेत. प्रत्येकावर काही वेगळ्या नोंदी कराव्यात व एका जनावराची चिठ्ठी मुद्दाम दोन फोनांवर निरनिराळी बदलावी. एका फोनचे घड्याळ एक दिवस पुढे करून ठेवावे. नंतर, इंटरनेट बंदच ठेवून, ब्लूटूथ अथवा वाय-फाय सुरू करावे. प्रथम पहिल्या व दुसऱ्या फोनचा मेळ घालावा आणि तो चालू असता मध्येच एक फोन बंद करून पाहावा. तो फोन पुन्हा सुरू करून मेळ पूर्ण करावा. मग दुसऱ्याचा तिसऱ्याशी व अखेरीस पुन्हा पहिल्याशी मेळ घालावा. शेवटी तिन्ही फोनांत नोंदींची संख्या एकच दिसली पाहिजे, एकही नोंद गहाळ झालेली नसावी, आणि दोनदा बदललेल्या चिठ्ठीचे दोन्ही मजकूर माणसाच्या नजरेस आले पाहिजेत. ह्यांपैकी एकही गोष्ट साधली नाही, तर ते ॲप परत करून दुरुस्त करवून घ्यावे.

पद्धतीच्या मर्यादा

जी चिठ्ठी फोनापर्यंत पोहोचलेलीच नाही तिची माहिती कोणताही फोन देऊ शकत नाही. पलीकडच्या पाड्यावर सकाळी दिलेली लस, मेळ घातल्याशिवाय, अलीकडच्या कर्मचाऱ्यास कळणार नाही. तसेच, मेळ घालण्यापूर्वीच फोन हरवला अथवा पाण्यात पडला, तर त्यातील नव्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. म्हणून दिवसाच्या अखेरीवर विसंबून न राहता दुपारच्या विसाव्याला, नदीच्या उतारावर किंवा शाळेच्या ओट्यावर कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन एकदा मेळ घालावा. मेळ केव्हा घातला आणि किती नोंदी पाठवावयाच्या राहिल्या, हे ॲपने पहिल्याच पडद्यावर ठळकपणे दाखवावे.

शेतकरी बंधूंनीही लस टोचल्यावर आपल्या जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक फोनवर बरोबर चढला आहे की नाही, हे तेथेच पाहून घ्यावे. फोन कितीही हुशार असला तरी चुकीचा लिहिलेला क्रमांक तो दहा फोनांपर्यंत तितक्याच इमानाने पोहोचवील. नोंद खरी लिहिणे हे माणसाचे काम, ती न हरवता पोहोचविणे हे यंत्राचे. दोघांनी आपापले काम चोख बजावले, तर रेंज नसलेल्या पाड्यावरील जनावरही सरकारी दप्तरात सुटणार नाही.