क्लॅटची तयारी : तुक्क्याचा हिशेब

चालू घडामोडींचं टाचण आज द्यायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. विजय नगरच्या स्कीम नंबर ५४ मधून एका आईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. मुलगी बारावीत. क्लासचे सर म्हणतात, ‘येत नसेल तर सोड, निगेटिव्ह आहे.’ बरोबरची मुलं म्हणतात, ‘तुक्का लगा दे.’ पोरीने ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही अर्धंच. १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबरला एक गुण, चुकलं की पाव वजा. चार प्रश्नांत डोळे मिटून गोळे भरले तर सरासरीने एक लागतो, तीन चुकतात. एकातून पाऊण गेला, उरला पाव. निगेटिव्हचा एवढा बाऊ करण्यासारखं त्यात काही नाही. पण पाव गुणासाठी चार प्रश्नांवर वेळ घालवण्यासारखंही नाही. आता त्याच चार प्रश्नांत दोन-दोन पर्याय खात्रीने कटले, तर दोन लागतात, दोन चुकतात : हाती दीड गुण. सहापट! खरी मेहनत कटाईत आहे.

ती कशी करायची? उताऱ्यात नियम आहे असं धरा : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे अतिक्रमण, हेतू काहीही असो. संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे एक मुलगा शेजाऱ्यांच्या अंगणात उडी मारतो. पर्याय : (१) दोषी नाही, वय लहान; (२) दोषी नाही, नुकसान झालं नाही; (३) दोषी, परवानगी नव्हती; (४) दोषी, चोरीचा हेतू होता. चौथा लगेच कटतो, कारण हेतूला नियमात जागाच नाही. वयाचा तर उल्लेखही नाही, पहिला गेला. वकिलांच्या घरची हुशार पोरं नेमकी इथे अडखळतात. वडिलांकडून ऐकलेला कायदा उताऱ्यात आणून घालतात. उरले दोन. नुकसान ही अट नियमात आहे का, एवढंच परत बघायचं. नाही. मग तुक्का कशाला हवा?

ओएमआरवर बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही. म्हणून शंकेचे प्रश्न आधी पुस्तिकेत खुणेने ठेवावे, गोळा दुसऱ्या फेरीत. गुण सारखे पडले तर आधी लीगलचे गुण बघतात, मग वय, मग सोडत. म्हणून लीगलमध्ये अंदाजपंचे दाहोदरसे नकोच. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांसाठी महाराष्ट्राची लॉ सीईटी देणार असाल तर गोष्ट सोपी : तिथे निगेटिव्ह नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

येत्या रविवारच्या मॉकमध्ये एवढं करा. आंधळ्या तुक्क्यापुढे फुली, दोनांतून निवडलेल्यापुढे बरोबरची खूण. दोन्हींचे गुण वेगळे मोजा आणि मला कळवा. पुढच्या वेळी चालू घडामोडी, नक्की.