बाळाचे डोळे घारे, मग गेलंय तरी कुणावर?

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना अर्धाच ऐकता आला, त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय डोळ्यांचा रंग. बारशाला पाळण्यात डोकावून कुणीतरी हमखास म्हणतं, "अय्या, घारे डोळे! कुणावर गेलंय गं?" बहुतेक वेळा ते निव्वळ कौतुक असतं. पण आईबाबा दोघांचेही डोळे काळेभोर असतील, तर त्या "कुणावर"ला कधीकधी टोक असतं. आणि ते टोचतं फक्त बाळाच्या आईला. म्हणून आज बघूया, डोळ्यांच्या रंगावरून आईबाप ओळखता येतात का?

आधी रंग म्हणजे काय ते बघू

खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात एक सेल्फी काढा आणि डोळ्यावर झूम करा. (फ्लॅश नको हं!) मधला काळा ठिपका म्हणजे बाहुली. तिच्याभोवतीचं रंगीत कडं म्हणजे बुबुळाचा पडदा. आपण ज्यांना "काळे डोळे" म्हणतो, त्यांचं हे कडं खरं तर गडद तपकिरी असतं.

हा रंग येतो मेलॅनिनमुळे. त्वचेला आणि केसांना रंग देणारं रंगद्रव्य, तेच. पडद्याच्या पुढच्या थरात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळे गडद तपकिरी, मध्यम असेल तर घारे किंवा हिरवट, अगदी कमी असेल तर निळे.

आता गंमत ऐका. निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतोच! अगरबत्तीचा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो ना? धुरात काही निळ घातलेली नसते. बारीक कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात, म्हणून तो तसा दिसतो. निळ्या डोळ्यांतही साधारण हेच होतं.

शाळेतला नियम कुठे अडतो?

1907 मध्ये अमेरिकेत चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट या दांपत्याने डोळ्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर लेख लिहिला. त्या काळात मेंडेलचे नियम नव्यानेच सापडले होते आणि सगळीकडे लावून बघितले जात होते. त्यातून एक सोपं सूत्र रुजलं: तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी.

या सूत्रातसुद्धा आपल्या बाळाचं उत्तर आहे बरं का! प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. समजा दोघांकडेही एक गडद आणि एक फिकी प्रत आहे. गडद प्रत वरचढ, म्हणून दोघांचे डोळे काळे. पण बाळाला दोघांकडूनही फिकीच प्रत मिळण्याची शक्यता या साध्या हिशेबात चारात एक असते. ती फिकी प्रत पणजीपासून गुपचूप चालत आलेली असू शकते. पणजीचा रंगीत फोटोच नाही, तर तिचे डोळे आठवणार कोणाला?

उलटी बाजू मात्र या सूत्राला झेपत नाही. त्याच्या मते निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही. प्रत्यक्षात क्वचित का होईना, होतं. कारण इथे एकच जनुक काम करत नाही.

मुख्य जोडी आहे 15व्या गुणसूत्रावर: ओसीए2 आणि हर्क2. ओसीए2 मेलॅनिन तयार व्हायला मदत करतं, पण त्याचं बटण शेजारच्या हर्क2 मध्ये आहे. म्हणजे दिवा आपल्या खोलीत आणि स्विच शेजाऱ्याकडे! स्विचमधल्या एका अक्षराच्या बदलाने ओसीए2 चं काम मंदावतं आणि डोळे फिके होतात. 2021 मध्ये सुमारे 1 लाख 95 हजार लोकांच्या माहितीवरचा मोठा अभ्यास आला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित 61 जनुकीय जागा सापडल्या, त्यातल्या 50 नव्या होत्या.

हे रंग आहेत कुठे?

जगात तपकिरी डोळेच सर्वाधिक. निळ्यांचं प्रमाण बाल्टिक समुद्राच्या आसपास, फिनलंड-एस्टोनियाकडे खूप जास्त. तिथून दूर जावं तसं ते कमी होतं. पण तो फिका बदल पश्चिम आशियात आणि आपल्या उपखंडातही थोड्या प्रमाणात आहे. स्पेनमध्ये सापडलेल्या सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याच्या डीएनएनुसार त्याची त्वचा सावळी आणि डोळे निळे असावेत. म्हणजे "घारे डोळे गोऱ्यांचेच" हाही गैरसमज.

मग बारशाला निकाल लावायचा का?

नाही. एक तर काही बाळांचे डोळे जन्मतः करडे-निळसर दिसतात आणि मेलॅनिन वाढेल तसे पुढच्या काही महिन्यांत गडद होतात. बाराव्या दिवशी कसला निकाल!

दुसरं म्हणजे, 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी गुन्हे तपासासाठी आयरिसप्लेक्स नावाची चाचणी मांडली. डीएनएमधल्या 6 जागा तपासून ती डोळ्यांचा रंग सांगते. तपकिरी आणि निळा ती चांगला ओळखते, पण मधल्या रंगांत, म्हणजे आपल्या घाऱ्या-हिरव्यांत, अडखळते. हातात डीएनए असताना प्रयोगशाळेची ही गत, तर पाळण्यात डोकावणाऱ्यांनी कशाच्या जोरावर बोलायचं? पितृत्वाच्या डीएनए चाचणीतही डोळ्यांचा रंग बघत नाहीत, डीएनएमधल्या अनेक वेगळ्याच खुणा जुळवतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी खोचकपणे "कुणावर गेलंय?" विचारलं, तर त्या आईला एकटीला उत्तर द्यायला लावू नका. तुम्हीच सांगा, "दोघांवर गेलंय. दोघांकडून एकेक प्रत आली आहे!" आणि नाहीच पटलं, तर हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!