ताज्या गोंदणावर चिकटपट्टी नको

पूर्वी जत्रेत किंवा दारावर आलेल्या गोंदणाऱ्या बाईकडून कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवे गोंदण करून घेतले जाई. आज तेच गोंदण 'टॅटू' या नावाने मशिनवर होते आणि तरुण मुले-मुली हौसेने ते काढून घेतात. घरी आल्यावर लाल झालेली, ओलसर कातडी पाहून आई-वडील काळजीने औषधाच्या दुकानातून चिकटपट्ट्या आणतात आणि त्या गोंदणावर ओळीने लावून टाकतात. हेतू चांगला असला तरी त्याने अपाय होण्याचाच संभव जास्त असतो.

गोंदण ही जखमच

गोंदताना सुई कातडीचा वरचा थर भेदून साधारण एक ते दोन मिलीमीटर खोल जाते व तेथे शाई सोडते. अशी हजारो छिद्रे एकाच जागी पडतात. म्हणजे ताजे गोंदण ही खरचटल्यासारखी पसरट जखमच असते. पहिले एक-दोन दिवस त्यातून लस, थोडे रक्त व जादा शाई बाहेर येते. पुढे पातळ खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत वरची कातडी भरून येते. आतला थर पूर्ववत होण्यास आणखी काही महिने लागतात.

चिकटपट्टीने काय बिघडते?

चिकटपट्टी ही बोट कापले तर लावायची वस्तू. तिची मधली गादी लहान असते. गोंदण मोठे असल्याने पट्टीचा डिंक थेट जखमेवरच बसतो. पट्टी ओढून काढताना खपली व कोवळी कातडी निघून येते आणि त्या जागी शाई फिकी पडते. लस वाळली की गादीही जखमेला चिकटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचतो, कातडी पांढरी व लिबलिबीत होते आणि जंतूंना आयतीच जागा मिळते. काहींना डिंकाची अ‍ॅलर्जी असते. त्यांना पट्टीच्याच आकाराचा खाजरा चट्टा उठतो.

मग करावे काय?

गोंदणाऱ्याने बांधलेले पहिले आवरण त्याने सांगितलेल्या वेळेपर्यंत ठेवावे. साध्या पट्टीला बहुधा काही तास पुरतात. काही ठिकाणी हवा जाऊ देणारी, वैद्यकीय वापराची पारदर्शक पट्टी लावतात. ती काही दिवस राहू शकते, मात्र कडेने गळू लागली तर काढावी. स्वयंपाकघरातले प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नये.

आवरण चिकटले असल्यास कोमट पाण्याने भिजवून सोडवावे. प्रथम आपले हात साबणाने धुवावेत, मग गोंदण सौम्य साबणाने व स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुऊन स्वच्छ फडक्याने टिपावे, चोळू नये. त्यावर बिनवासाच्या साध्या मलमाचा अगदी पातळ हात द्यावा आणि जागा उघडी ठेवावी. असे दिवसातून दोन वेळा पुरे. सैल सुती कपडे वापरावेत. खाज सुटली तरी खपली काढू नये. कातडी भरेपर्यंत नदी, विहीर, तलावात पोहू नये व कडक ऊन टाळावे. हळद, चुना, टूथपेस्ट किंवा दुकानदाराने दिलेले खाज-गजकर्णाचे मलम लावू नये.

शेतात, गोठ्यात किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांना जागा उघडी ठेवणे जमत नाही. त्यांनी कामापुरती, जखमेला न चिकटणारी निर्जंतुक जाळीची पट्टी ठेवून तिच्या कडा कागदी चिकटपट्टीने निरोगी कातडीवर बसवाव्यात. घरी येताच ती काढून जागा धुवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

थोडी सूज व ठणका पहिले दोन-तीन दिवस असतोच. तो कमी न होता वाढत गेला, लाली पसरू लागली, पू आला, लाल रेषा वर चढू लागली किंवा ताप आला तर घरी थांबू नये. मधुमेह असलेल्यांनी तर गोंदण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हेही पाहावे.

काही रोग मात्र कोणत्याही पट्टीने टळत नाहीत. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर 'ब' व 'क' प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. पसरू शकतो. वरून गोंदण सुरेख भरून येते आणि कावीळ काही आठवड्यांनी, कधी सहा महिन्यांनीही दिसते. म्हणूनच आपल्या देशात गोंदल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. 'ब' काविळीवर लस आहे, 'क'वर नाही. म्हणून नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढायला लावावी आणि शाईही नव्या टोपणात ओतून घ्यावी. जत्रेतल्या गर्दीत हे जमत नसेल तर गोंदणाची हौस पुढे ढकलावी. गोंदण जन्मभर राहते, त्याच्याबरोबर आजारही जन्मभर राहू नये.