पहिल्या दोन पेगांची आठवण

दारू सोडून वर्ष उलटलेल्या माणसाला एखाद्या संध्याकाळी दारू आठवते, तेव्हा नेमकं काय आठवतं ते पाहण्यासारखं आहे. बाहेर पाऊस, चकण्याला खारे शेंगदाणे, रंगलेल्या गप्पा, दुसऱ्या पेगनंतर अंगातला उतरलेला ताण. आठवण बहुधा इथेच थांबते. पुढे घरी काय झालं, सकाळी हात कसे थरथरत होते, पगारातलं किती उरलं, हे त्यात नसतं. अशी आठवण आली की घरच्यांना धास्ती वाटते आणि त्याला स्वतःची शरम. पण ती निर्ढावलेपणाची खूण नव्हे. ती अर्धवट आहे, आणि तिला दाबण्यापेक्षा पुरी करण्यात शहाणपण आहे.

ती अर्धवट राहते याला मेंदूच कारण आहे. रक्तातलं अल्कोहोल भराभर वाढलं की हिप्पोकॅम्पस या भागाचं नव्या आठवणी साठवण्याचं काम बंद पडू शकतं. माणूस बोलतो, भांडतो, पण नोंद होत नाही. अशा रात्रीचा पूर्वार्ध पिणाऱ्याच्या लक्षात राहतो, उत्तरार्ध बायकोमुलांच्या. जे नोंदलं जातं त्यातलाही कडवटपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो, असं स्मरणाच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. शिवाय मानसशास्त्रज्ञ केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडलं, की व्यसनात ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ यांची फारकत होते. पिण्यातली मजा आटलेली असते, तरी पगाराचा दिवस उजाडला किंवा गटारीचे बेत कानावर आले की ओढ उसळते. ओढ इतकी जबर, म्हणजे मजाही तेवढीच असणार, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

मग दारूचा विचारच करू नये? तसं ठरवून जमत नाही: मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वाईट तेच उगाळलं तर अपराधीपणा वाढेल आणि त्यातूनच पुन्हा बाटली हाती येईल. हा धोका खरा आहे. म्हणूनच आठवण पुरी करण्याचं हे काम एकट्याने रात्री जागून करायचं नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत माणसं आपली कहाणी इतरांसमोर सांगतात. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही मोकळ्या बोलण्याला मोठं स्थान आहे. ऐकणाऱ्यानेही तेच भोगलेलं असलं की शरमेचं ओझं हलकं होतं. आणि त्या संध्याकाळी चांगल्या होत्या, असं कुणी म्हणालं तर? काही होत्याही; ते नाकारून उपयोग नाही. पण त्यात सोबत होती, दिवसभराच्या कामातून सुटका होती. त्या गरजा आजही आहेत, म्हणून सात वाजताची वेळ रिकामी ठेवू नये: सभेला जावं, फिरायला निघावं, पोटभर खाऊन घ्यावं. ओढ बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात एक फोन करता येतो. आणि मन निवांत असेल तेव्हा रात्रीचा तो उत्तरार्ध घरच्यांना विचारावा. त्यांनीही तो टोमणा म्हणून ऐकवू नये; विचारल्यावर, जसा घडला तसा सांगावा.