घाटात ब्रेक का दमतो? आमच्या पद्मिनीची गोष्ट

सुरतेत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाव खानदेशात आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या मंडळींना धुळ्याचा रस्ता तोंडपाठ असतो: बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट. गावी जाताना हा घाट चढायचा आणि सुरतेला परत येताना उतरायचा.

गेल्या दिवाळीत आमची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी हाच घाट उतरत होती. गाडीत आम्ही चौघं आणि डिकीत ज्वारीचं पोतं. पुढे ट्रकची रांग, त्यामुळे काकांचा पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पॅडल खोल खोल जाऊ लागलं. काकांनी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी कडेला घेतली. कुणी काही बोललं नाही. अर्ध्या तासानं पाहिलं, तर ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा!

बिघडलेली वस्तू आपोआप नीट कशी झाली? त्या प्रश्नापासून माझा अभ्यास सुरू झाला. तोच इथे मांडतोय.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा धंदा

ब्रेक गाडीचा वेग घेतो आणि त्याची उष्णता करतो. पद्मिनी साधारण नऊशे किलोची, माणसं-सामान धरून बाराशे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगातली ही गाडी एकदा थांबवली, की सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात अर्धा लिटर पाणी चहासाठी उकळायच्या बेतात येईल.

आता घाट बघा. दर १०० मीटर उंची उतरताना साधारण १२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा गाडी थांबवण्याइतकी. काही भाग वारा आणि इंजिन खातं, बाकी सगळं ब्रेकच्या माथी.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम, आणि त्याच्या आत दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर लायनर. पॅडल दाबलं की शू बाहेर सरकून ड्रमला आतून घासतात. घर्षण बंद डब्यात होतं, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पॅडल खोल जातं. लायनर फार तापला की त्याची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात शोषलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. सगळं थंड झालं की ब्रेक परत येतो. आमच्या कोड्याचं उत्तर हेच होतं.

आणखी एक खोड सुरतकरांना माहीत असेल. पावसाळ्यात खाडीचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी त्यातून काढली, की ड्रममध्ये पाणी शिरतं. मग पहिले काही ब्रेक लागतच नाहीत. हलका ब्रेक लावत, हळू चालवत ते सुकवावे लागतात.

डिस्कचं वेगळेपण

डिस्क म्हणजे उघडी तबकडी. कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. तिला वारा लागतो, पाणी झटकलं जातं, आणि तापली तरी ती पॅडपासून दूर जात नाही. कल्पना जुनी आहे: इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण तिची खरी परीक्षा झाली १९५३ साली, ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत. डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आली आणि जगाला पटलं.

पण एक गैरसमज आधीच काढून टाकू. डिस्क लावली म्हणजे गाडी अर्ध्या अंतरात थांबेल, असं नाही. शेवटी गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या पकडीवर. नीट राखलेला ड्रमसुद्धा चाक जाम करू शकतो. डिस्कचा फायदा दिसतो तो दहाव्या, विसाव्या ब्रेकला. एकदा थांबायला ड्रम पुरतो. घाट उतरायला डिस्क बरी.

मग 'पॉवर' कशाला?

ड्रममध्ये एक छुपी मदत असते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ही मदत नाही, सगळा जोर पायानंच द्यायचा. म्हणून बूस्टर.

बूस्टर म्हणजे पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा गोल डबा. आत रबरी पडदा. इंजिन श्वास घेताना जी ओढ तयार होते, तिनं पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा खेचलेली असते. पॅडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा दाब पडद्याला ढकलतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर हा जोर सहज दोनशे किलोच्या घरात जातो.

इथेच धोका आहे. इंजिन बंद झालं की दोन-तीन ब्रेकपुरतीच मदत उरते, मग पॅडल दगडासारखं होतं. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये घाट उतरायची आपल्याकडची जुनी सवय पॉवर ब्रेकच्या गाडीत जीवावर बेतू शकते.

नुसती तबकडी बदलून भागत नाही

काकांना वाटलं होतं, एका दिवसाचं काम आहे. पण ब्रेक ही साखळी आहे. एक कडी बदलली की बाकीच्या तपासाव्या लागतात. आमच्या मिस्त्रींनी कागदावर यादीच काढून दिली:

१. कॅलिपरला जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा. तोही दोन स्वतंत्र लाइनचा. जुन्या एका लाइनच्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

२. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सुटत नाहीत, घासत राहतात.

३. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागचे ड्रम आधी जाम झाले तर गाडी गरकन फिरते. म्हणून मागचा दाब मर्यादेत हवा.

४. कॅलिपर रिममध्ये बसला पाहिजे. दुसऱ्या गाडीचे भाग लावताना स्टब ॲक्सलवर वेल्डिंग करून 'जमवणं' साफ नाही.

५. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून आत हवेचा फवारा मारायचा नाही.

शेवटी ते म्हणाले, "बाकी ठिकाणी चालशे म्हणतो मी, ब्रेकला नाही म्हणत."

आजीचा मुद्दा

आजी मात्र नाराज. "त्यांची गाडी आहे, होती तशीच राहू द्या." तिचं म्हणणं नुसतं भावनेचं नव्हतं. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची बहीण. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. जे मूळ रूपात उरलंय त्याला मोल आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. ब्रेकचं नाव तिथे नाही, पण मूळ रूपाची अट आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. म्हणून हत्यार उचलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारणं शहाणपणाचं.

आमच्या घरी दोन पायऱ्यांचं ठरलं. आधी आहे तो ड्रम नीट केला: नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ताजं ब्रेक ऑइल. डिस्कसाठी आरटीओला अर्ज दिलाय. परवानगी मिळाली तर फक्त पुढच्या चाकांना डिस्क आणि बूस्टर. काहीही कापायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून पेटीत ठेवायचा, म्हणजे कधीही परत बसवता येईल. या शेवटच्या अटीवर आजीनं होकार दिला. पेटीही तिनंच दिली, आजोबांच्या हत्यारांची.

मे महिन्यात पुन्हा गावाला जाऊन आलो. कोंडाईबारी उतरताना काका पहिल्यापासून दुसऱ्या गिअरमध्ये होते. मागून हॉर्न वाजत होते. आजी पुढच्या सीटवरून म्हणाली, "वाजवू दे त्यांना."