वकट, लेंड, मूंड, नाल
(गल्लीतले खेळ : भाग ५)

गेल्या आठवड्यात लगोरी पाहिली. आता विटीदांडू.

विटी वीतभर, दोन्ही टोकांना तासलेली. दांडू हातभर. जमिनीत लांबट खळगी खणायची. तिलाच गल म्हणत. तिच्यावर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची. कोणी झेलली तर खेळणारा बाद. नाहीतर विटी पडली तिथपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं : वकट, लेंड, मूंड, नाल... मोजणी ज्या शब्दावर संपेल, त्यावर पुढचा टोला ठरे. विटी कधी पायावर ठेवायची, कधी मुठीवर. नियम गावोगाव बदलत.

हे शब्द मराठी वाटत नाहीत, कारण ते मुळात मराठी नाहीतच. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. शाळेत तेलुगूचं अक्षरही न शिकलेली मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगूत मोजत आली!

भिवंडीत ही गोष्ट जास्त जवळची आहे. पद्मनगर भागात यंत्रमागांच्या आधाराने तेलंगणातली पद्मशाली विणकर कुटुंबं स्थिरावली. तिथल्या घरांत ओकटी, रेंडु रोज ऐकू येतं. शेजारच्या मोमीन मोहल्ल्यात याच खेळाला गुल्ली-डंडा म्हणतात. एकाच गावात खेळाचं नाव आणि आकडे असे विखुरलेले आहेत. विटी मात्र दिसत नाही.

त्याचं कारण पायाखाली आहे. २०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७ लाखांवर होती, आणि शहर जेमतेम २६ चौरस किलोमीटरचं. बोळ काँक्रीटचे, त्यांत कापडाचे तागे भरणारे टेम्पो. काँक्रीटमध्ये गल खणता येत नाही. क्रिकेट तगलं, कारण त्याला माती लागत नाही : भिंतीवर खडूने तीन रेघा ओढल्या, एक टप्पा आऊट ठरवलं की झालं. मुलांना खेळायचा कंटाळा आलाय, हा मोठ्यांचा निष्कर्ष म्हणून पटत नाही.

मोबाइलवर वाढलेल्या मुलाला विटीदांडू समजावणं उलट सोपं आहे. दर मोजणीला टोल्याची जागा बदलते, म्हणजे त्याच्या भाषेत लेव्हल बदलते. त्याला नवल वाटतं ते दांडूचं. मारायचं त्यानेच आणि मोजायचंही त्यानेच! विटी डोळ्याला लागेल ही आयांची भीती मात्र खरी आहे. समोर उभ्या मुलांना लांब ठेवूनच टोला मारू द्यावा.

‘नाल’नंतरचे शब्द प्रांतोप्रांती वेगळे आहेत, आणि ते ज्यांच्या तोंडी होते ती माणसं आता साठीपुढची आहेत. घरातल्या आजोबांना विचारा, आणि सातपर्यंतची मोजणी गावाच्या नावासह आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात सागरगोटे.