बोली कुठली, दोष कुठला?

दसरा-दिवाळी उलटली की श्रीपूरच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. तिच्या कारखान्यामुळे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं हे गाव साखरेच्या नकाशावर आलं. आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या गाळपावर इथलं वर्षाचं गणित चालतं. फडाजवळ कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या पडतात. बीडकडची कुटुंबं असतात, तांड्यांवरची गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा बोलणारी असतात. त्यांच्यात एखादं तीन वर्षांचं पोर असतं, जे ‘आई’ आणि ‘दे’ यापलीकडे काही बोलत नाही. घरचे म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी जिभेखालची शीर कापून आणा म्हणतं.

त्या शिरेमुळे बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, क्वचित एखाद्या उच्चारात अडचण येते. पण मूल बोलायलाच लागत नाही याचं कारण ती नसते. मग कारण कोणतं, हे शोधणं स्पीच थेरपिस्टचं, म्हणजे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचं काम. हे काम शिकवणारं शिक्षण आपल्याकडे साठ वर्षांचं होत आलं आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ साली पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था त्याच सुमारास उभी राहिली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. बारावी विज्ञानानंतर ‘बीएएसएलपी’ ही चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीविना तो करणं १९९२च्या कायद्याने दंडनीय गुन्हा आहे. अमेरिकेत यासाठी पदव्युत्तर पदवी, निरीक्षण धरून रुग्णोपचाराच्या सरावाचे चारशे तास आणि त्यानंतर देखरेखीखालचं काम लागतं. आपल्याकडे पदवीवरच स्वतंत्रपणे काम सुरू करता येतं, म्हणून ती चार वर्षं कशी जातात याला फार महत्त्व आहे.

विषय भरपूर असतात. कान, घसा आणि मेंदूची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र. शिवाय श्रवणशास्त्र याच पदवीत असतं, आणि ते असणं योग्यच आहे. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाचीच व्हायला हवी. ‘हाक मारली की वळतो, ताशा वाजला की नाचतो, ऐकू येतंच की!’ असं आईवडील मनापासून सांगतात. पण स, श यांसारखे ध्वनी हळू आणि उच्च कंपनांचे असतात. ताशा ऐकणाऱ्या मुलाला ते ऐकू येत नसतील, तर शब्द त्याच्यापर्यंत अर्धवटच पोचतात. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा जगभरचा दंडक आहे. कोपीत वाढणाऱ्या मुलाचा तिसरा वाढदिवसही कुणाच्या नजरेत न येता जातो, कारण नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर असतं आणि मूल फडात.

कान ठीक निघाले, तर पुढचं काम जास्त नाजूक आहे. हे मूल ‘पानी’ म्हणतं, ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणतं. प्रमाण मराठीवर बेतलेल्या कागदावर त्याला दोन चुका पडतील. पण त्याची आई, आजी, सगळा तांडा तसंच बोलतो. ही त्याची बोली आहे, दोष नाही. उलट, त्याच्या घरात सगळे ‘ट’ नीट म्हणत असताना तो चौथ्या वर्षीही प्रत्येक ‘ट’च्या जागी ‘त’ म्हणत असेल, तर तिथे थांबून बघायला हवं. घरात गोरबोली आणि बाहेर मराठी असलेल्या मुलात खरा भाषादोष असेल, तर तो दोन्ही भाषांत दिसतो; फक्त मराठी कच्ची असेल तर तो उपचाराचा विषयच नाही. भावी तज्ज्ञाकडून मला पहिली पात्रता हवी आहे ती हीच. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. इथे काम करणाऱ्याला हा फरक ओळखता आला नाही, तर निरोगी मुलावर शिक्का बसेल आणि खरा रुग्ण ‘गावंढळ बोलतो’ म्हणून सुटून जाईल.

चाचणीची चित्रंही इथली हवीत. अननस आणि बर्फातला बाहुला दाखवून मूल गप्प राहिलं, तर त्यातून काहीच कळत नाही. कोयता, मोळी, बैल, वाढं, चूल दाखवा, मग बघा ते किती बोलतं.

दुसरी पात्रता शिकवण्याची. आठवड्यातून पाऊण तासाच्या भेटीने मूल बोलत नाही. उरलेला आठवडा ते आईजवळ असतं. ती पहाटे फडात जाते. तिला तक्ते देऊन उपयोग नाही. भाकरी थापताना, अंघोळ घालताना समोरच्या वस्तूचं नाव घ्यायचं, लहान वाक्य बोलायचं, मग मुलाच्या उत्तरासाठी थांबायचं, हे तिच्यासोबत बसून करून दाखवावं लागतं. आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कुटुंब गावी परतणार, म्हणून पुढचे उपचार फोनवरून कसे चालतील तेही सुरुवातीलाच ठरवावं लागतं. शहरातल्या चकचकीत केंद्रात पूर्ण इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सुचणार कुठून? निदान काही आठवडे त्याला तालुक्याच्या रुग्णालयात, अंगणवाडीत, हंगामात तर थेट फडावर काढायला लावले पाहिजेत.

हे शास्त्र फक्त मुलांचं नाही, हेही लोकांना फारसं ठाऊक नसतं. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला शब्द परत मिळवून देणं, त्याला घास गिळता येतो की फुफ्फुसात जातो ते तपासणं, तंबाखूच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेल्याला नव्याने बोलायला शिकवणं, हे सगळं याच तज्ज्ञाकडे येतं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २० लाख लोकांची वाचेच्या अपंगत्वाची आणि सुमारे ५१ लाखांची श्रवणाच्या अपंगत्वाची नोंद झाली. श्रीपूरहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास, पुणं त्याहून लांब. रोजंदारी बुडवून दर आठवड्याला एवढा प्रवास कुणालाच परवडत नाही.

म्हणून श्रीपूर, अकलूज, माळीनगरच्या बारावी विज्ञानाच्या मुलामुलींना सांगावंसं वाटतं: ‘नीट’मध्ये एमबीबीएस हुकलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका, या पदवीची चौकशी करा. इथली बोली तुम्हाला आधीच येते. बाहेरून येणाऱ्याला ती शिकायला वर्षं लागतील. आणि घरातलं दोन वर्षांचं मूल अजून दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर शाळेची वाट पाहू नका. आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या, आणि ज्यांच्याकडे उपचारांना न्याल त्यांना पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा.